कोल्हापुरी चप्पल : धंदा एक, राज्ये दोन आणि प्रश्न खेळत्या भांडवलाचा

कोल्हापुरी चप्पल नावाने कोल्हापूरची असली तरी ती बनते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळाले, त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे चार-चार जिल्हे आहेत. अथणी, निपाणी भागात तयार झालेला माल कोल्हापूरच्या दुकानात जाऊन 'कोल्हापुरी' म्हणून विकला जातो, यात नवे काही नाही. पिढ्यानपिढ्या असेच चालत आले आहे.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये याच घाटाच्या चपला दाखवल्या आणि मूळचे नाव घेतले नाही, म्हणून मोठा गदारोळ झाला. त्या वादात कारागिरीची खूप चर्चा झाली. कारागिराच्या भांडवलाची मात्र फारशी झाली नाही. खरे तर या धंद्यात कारागिराच्या हातात किती पैसा राहणार, हे त्याच्या हातोटीइतकेच तो कातडे कुणाच्या पैशाने विकत घेतो यावर ठरते.

पैसा अडकतो कुठे

कोल्हापुरी चप्पल खिळे न वापरता, चामड्याच्या वादीने शिवली जाते. कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळ कापणे, थर जोडणे, पट्टा, अंगठा, कान, वेणी अशी कामे घरातच वाटलेली असतात. रापी-आरी चालवणारा पुरुष कारागीर म्हणून ओळखला जातो, पण वेणी विणणे, शिवणे, घासणे-पुसणे यातला मोठा वाटा बायकांचा असतो. कर्जाच्या कागदावर मात्र त्यांचा धंदा 'गृहिणी' एवढाच लिहिला जातो.

यंत्र जवळजवळ नाहीच, हत्यारे थोडक्यात येतात. म्हणजे या धंद्याला मोठे भांडवल लागत नाही, असे वाटेल. लागते, पण वेगळ्या तऱ्हेचे. चामडे रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर घ्यावे लागते. माल तयार व्हायला काही दिवस जातात. तो दुकानदाराकडे गेला की पैसे लगेच येतीलच असे नाही, 'विकला की देतो' हे उत्तर नेहमीचे. आणि पावसाळ्यात तर चामड्याची चप्पल कोणी घालत नाही. जूनपासून मागणी बसते, दमट हवेत चामडे वाळत नाही, काम मंदावते. घरखर्च, शाळेची फी आणि दवाखाना मात्र चालूच राहतात. पुढे दिवाळी, लग्नसराई आणि उन्हाळ्याचा हंगाम पकडायचा तर चामडे आधीच भरून ठेवावे लागते. म्हणजे हातात पैसा नसतो नेमक्या त्याच काळात तो गुंतवायचा असतो.

कच्च्या मालाचा भावही आता जुना राहिलेला नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळू कत्तलीवर बंदी आली, कर्नाटकातही २०२० चा कायदा आला. जवळपास मिळणाऱ्या कातड्याचा पुरवठा आटला आणि परराज्यांतून येणाऱ्या चामड्यावर भिस्त वाढली. लांबून येणारा माल दोन-चार कातड्यांच्या हिशेबात परवडत नाही, तो घाऊक घ्यावा लागतो. ज्याच्याकडे रोख आहे त्याला स्वस्त, नाही त्याला महाग.

उचल : न दिसणारे व्याज

ही फट पूर्वीपासून व्यापारीच भरून काढत आला आहे. तो कारागिराला उचल देतो, कधी रोख, कधी चामडे. कारागीर माल त्यालाच देतो, भाव तो ठरवतो आणि हिशेब वहीत राहतो. कुठे सही नाही, तारण नाही, फेऱ्या नाहीत. रात्री पोराला दवाखान्यात न्यायचे झाले तरी दार वाजवता येते. बँकेला हे कधीच जमणार नाही, म्हणून उचलीला सरसकट शिव्या देणे सोपे असले तरी खरे नाही.

पण तिची किंमत काय, हे एकदा मांडून बघावे. समजा कारागिराने १०,००० रुपये उचल घेतली. मोकळ्या बाजारात जो जोड ४०० रुपयांना गेला असता तो त्या व्यापाऱ्याला ३८० ला द्यायचा, एवढेच ठरले. व्याजाचे नावही नाही. महिन्याला ६० जोड दिले तर २० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये कमी मिळाले. १०,००० वर महिन्याला १,२०० म्हणजे शेकडा १२, आणि मुद्दल तसेच उभे. यातला काही भाग व्यापाऱ्याच्या विक्रीच्या जोखमीचा आणि खपाच्या खात्रीचा धरला, तरी उरलेले व्याज कुठल्याही बँकेच्या पटीत बसत नाही. शिवाय उचल फिटेपर्यंत दुसऱ्याला माल देता येत नाही. जास्त भाव देणारे गिऱ्हाईक दारात आले तरी हात बांधलेले असतात. व्याजापेक्षा हे नुकसान मोठे.

म्हणून कर्जाची कोणतीही योजना तपासताना एकच कसोटी पुरेशी आहे : या पैशाने कारागीर उचलीतून सुटतो का?

पीएम विश्वकर्मा : काय मिळते, काय नाही

१७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. चर्मकार व पादत्राणे बनवणारे त्यात येतात. नोंदणी आधारवर, सीएससी केंद्रातून होते आणि ती मोफत आहे. नंतर अर्ज तीन टप्प्यांत तपासला जातो : ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. जातीचा दाखला लागत नाही. सीमाभागात हे महत्त्वाचे का, ते पुढे येईलच.

पाच ते सात दिवसांचे मूळ प्रशिक्षण होते, त्यात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत वेगळी. त्यानंतर पहिले कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांच्या मुदतीने. ते नीट फेडले, आणि डिजिटल व्यवहार केले किंवा पुढचे प्रशिक्षण घेतले, तर दुसरे २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी. कारागिराला व्याज पडते ५ टक्के, वरचे ८ टक्क्यांपर्यंत सरकार भरते. तारण नाही.

५ टक्क्यांनी १ लाख १८ महिन्यांत फेडायचे तर हप्ता साधारण ५,७८० रुपयांचा येतो आणि सगळे मिळून व्याज जाते ४,००० च्या आसपास. वरच्या उदाहरणात फक्त १०,००० च्या उचलीवर चार महिन्यांत याहून जास्त गेले. तेव्हा हे कर्ज मिळत असेल तर घ्यावेच.

अडचण हप्त्याची आहे. तो दर महिन्याला सारखा येतो, धंदा सारखा चालत नाही. मार्चमध्ये ५,७८० रुपये भरणे आणि ऑगस्टमध्ये भरणे यात फरक आहे. पावसाळ्यातला हप्ता भरायला पुन्हा व्यापाऱ्याकडे उचल मागितली, तर कर्ज घेऊन साधले काय? ज्यांचे हे कर्ज सुरळीत फिटते ते बहुधा उन्हाळ्याच्या हंगामातच तीन-चार हप्त्यांचे पैसे खात्यावर बाजूला ठेवतात. घरात दुसरी मिळकत असेल तर गोष्ट वेगळी.

काही अटी अर्ज भरण्याआधीच माहीत असाव्यात. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर अर्ज चालत नाही. मागच्या पाच वर्षांत पीएमईजीपी, मुद्रा किंवा स्वनिधीचे कर्ज घेतले असेल तरीही अडते, पण मुद्रा आणि स्वनिधीचे पूर्ण फेडले असेल तर चालते. अर्धवट राहिलेले ५०,००० चे शिशु कर्ज अनेकांना इथे आडवे येते.

मुद्रा आणि कॅश क्रेडिट

मुद्रा योजना एप्रिल २०१५ ची. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण नाही, पण व्याजात सवलतही नाही, दर ज्या त्या बँकेचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंत तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तरीही काउंटरवर 'घराचा उतारा आणा' असे सांगितले जाते. गावठाणातल्या वस्तीत तो उतारा बहुतेकांकडे नसतो. अशा वेळी तोंडी नकार घेऊन परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि नाकारला तर कारण लेखी मागावे.

चपलेच्या धंद्याला खरे म्हणजे मुदत कर्जापेक्षा कॅश क्रेडिट सोयीचे. यात मर्यादा ठरते, लागेल तेवढे काढायचे, विक्री झाली की भरायचे, व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर. पावसाळ्यात वापर वाढेल, उन्हाळ्यात खाली येईल. ही मर्यादा ठरवण्याचे जुने सूत्र नायक समितीचे आहे : वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के धंदेवाल्याने स्वतःचे घालायचे. वर्षाला ६ लाखांची उलाढाल असेल तर १ लाख २० हजारांची मर्यादा मागता येते.

पण उलाढाल दाखवायची कशी? माल वहीवर जातो, पैसे रोखीत येतात. म्हणून छोटे बिल बुक ठेवणे आणि शक्य तेवढे पैसे खात्यावर किंवा यूपीआयने घेणे, याला कर्जाच्या दृष्टीने फार किंमत आहे. वर्षभराचे बँक स्टेटमेंट हे मॅनेजरला तोंडी हिशेबापेक्षा पटते. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाखांपर्यंतचे क्रेडिट कार्ड जाहीर झाले, तेही याच वळणाचे.

आठवड्याचा हप्ता

बँकेने परत पाठवले की दारात मायक्रोफायनान्सचा माणूस येतो. पैसे लवकर मिळतात, बहुधा बाईच्या नावावर आणि गटाच्या हमीवर. पण आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता, म्हणजे हंगामी धंद्याला सर्वात न मानवणारा. एकाचा भरायला दुसऱ्याचे घ्यायचे, ही साखळी इथेच सुरू होते.

व्याज 'फ्लॅट' सांगितले तर कान टवकारावेत. एक वर्षाच्या कर्जावर फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर साधारण साडेएकवीस टक्के. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वर्षाचा खरा दर माहितीपत्रकावर लिहून द्यावा लागतो, घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत आणि मुदतीआधी फेडले म्हणून दंड लावता येत नाही. वसुलीच्या जाचाबद्दल कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम आला. जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद होती.

बचतगटाचा रस्ता हळू आहे, पण स्वस्त. गटाला १० लाखांपर्यंत कर्ज देताना बँकेने तारणही मागायचे नसते, मार्जिनही नाही. अथणीत १९९० च्या दशकाच्या शेवटी चपला बनवणाऱ्या बायकांचे गट बांधून 'टो-होल्ड' हा उपक्रम उभा राहिला आणि त्याने परदेशात थेट माल पाठवला. त्यातली खरी नवलाई डिझाइनची नव्हती. बाई घरातली मदतनीस न राहता तिच्या नावाने काम आणि पैसा नोंदला गेला, ही होती.

जीआयच्या आठ जिल्ह्यांपैकी साताऱ्यातले म्हसवडचे उदाहरणही ध्यानात घेण्यासारखे आहे. फुटपाथवर काम करणाऱ्या एका बाईला बँकांनी बचत खाते उघडू दिले नाही, तिथून चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला होता. त्या अक्षरे शिकून पुन्हा गेल्या. ही बँक दारात जाऊन छोट्या रकमा गोळा करते. हप्ता गिऱ्हाइकाच्या मिळकतीला जुळवायचा, गिऱ्हाइकाने बँकेच्या कॅलेंडरला नाही, एवढी साधी गोष्ट यात आहे. निपाणी-अथणी पट्ट्यातल्या पतसंस्थांना हे जमायला हरकत नाही.

पंचेचाळीस दिवस, आणि कोर्ट कुठल्या राज्यातले

कर्ज काढण्याआधी आपलेच अडकलेले पैसे सोडवता आले तर उत्तम. एमएसएमईडी कायदा २००६ सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला, आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. काही ठरलेच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. एप्रिल २०२४ पासून आयकराचाही चिमटा बसतो : मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही.

सीमाभागातल्या कारागिराला यातले एक कलम खास उपयोगाचे आहे. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे होते, आणि माल पुरवणारा ज्या राज्यात आहे तिथल्याच कौन्सिलला अधिकार असतो, खरेदीदार भारतात कुठेही असो. म्हणजे निपाणीच्या कारागिराचे पैसे कोल्हापूर, पुणे किंवा इंदूरच्या दुकानदाराने थकवले तर तक्रार कर्नाटकातच होईल, महाराष्ट्रात खेटे घालावे लागणार नाहीत. तक्रार ऑनलाइन करता येते.

यासाठी माल देण्याच्या आधीच उद्यम नोंदणी झालेली असावी. आधार आणि पॅन लागते, शुल्क शून्य. 'उद्यम काढून देतो' म्हणून हजार-पाचशे घेणाऱ्यांना कागद देऊ नयेत. आणि माल दिल्याचा पुरावा हवा, चिठ्ठी असो वा व्हॉट्सअॅपवरचा निरोप. अर्थात ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार, हा प्रश्न उरतोच. कायद्याचा फायदा घेण्यासाठीसुद्धा आधी उचलीतून बाहेर पडावे लागते.

राज्याची रेघ

या धंद्यासाठी दोन महामंडळे आहेत. महाराष्ट्रात लिडकॉम म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, कर्नाटकात लिडकर म्हणजे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास निगम. जीआयची नोंदणी दोघांची मिळून, पण कर्ज-अनुदानाच्या योजना आपापल्या राज्यापुरत्या. अनुसूचित जातीचा दाखलाही राज्यागणिक चालतो. गडहिंग्लजची मुलगी लग्न होऊन निपाणीला आली तर तिच्या माहेरच्या दाखल्यावर कर्नाटकच्या महामंडळाचा लाभ मिळत नाही, आणि महाराष्ट्राचा रहिवास संपल्याने तिकडचाही सुटतो. हातातली कला तीच, नातीगोती तीच, मधे फक्त वीस-पंचवीस किलोमीटर. अशा बायकांसाठी जातीचा दाखला न मागणारी विश्वकर्मा योजना आणि बचतगट हेच दोन सरळ मार्ग राहतात.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ वेगळाच. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेले की आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरे, पासबुकात तिसरे. कर्जाचा अर्ज संगणकावर इथेच अडकतो. आधी आधार दुरुस्त करून मग बाकी कागद त्याला जुळवले तर पुढचे हेलपाटे वाचतात.

जीएसटीत वस्तू राज्याबाहेर विकली की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना यात सूट आहे. आपली विक्री कशात बसते हे कर सल्लागाराला विचारून घ्यावे, कारण निपाणीहून कागलला दिलेला मालही राज्याबाहेरचाच ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर कर ५ टक्के आहे.

जीआयबद्दल एक गैरसमज दिसतो की टॅग मिळाला म्हणजे कर्ज मिळेल. टॅग तारण ठेवता येत नाही. शिवाय नाव कायदेशीरपणे वापरायला कारागिराने स्वतःची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते. तिचा उपयोग ऑर्डर मिळवायला होतो, आणि लेखी ऑर्डर हातात असेल तर बँकेशी बोलणे सोपे जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकरशी करार करून दोन्ही राज्यांत २,००० जोड बनवून घेण्याचे जाहीर केले, किंमत सुमारे ८०० युरो. आनंदाची गोष्ट आहे. पण आठ जिल्ह्यांच्या धंद्यात २,००० जोड म्हणजे किती? अशा ऑर्डरीत चामड्याला आगाऊ रक्कम कोण देतो आणि ती कारागिराच्या खात्यावर पडते की मधल्याच्या, हे पाहिल्याशिवाय त्या ८०० युरोंचा कारागिराशी काय संबंध, ते कळणार नाही.

विणकरांचे काय

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागातले विणकर आणि महेश्वरचे हातमागवाले हाच प्रश्न विचारतात. पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांच्या यादीत विणकर नाहीत. कुंभार, सोनार, लोहार, सुतार, शिंपी, बुरूड, मूर्तिकार आहेत. हातमागावर काम करणाऱ्यांना राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रमाखाली विणकर मुद्रा कर्ज आहे, ६ टक्के व्याजाने, मार्जिन मनीच्या मदतीसह. त्यासाठी विणकर ओळखपत्र लागते. यंत्रमाग त्यात बसत नाही, आणि बेळगावातले बरेचसे माग आता यंत्रमागच आहेत. त्यांनी साधे मुद्रा कर्ज किंवा वर सांगितलेली कॅश क्रेडिटची मर्यादाच मागावी. सुताचा भाव आणि साडीचा पैसा यांच्यातले अंतर चामडे आणि चपलेइतकेच आहे, त्यामुळे २० टक्क्यांचे सूत्र तिथेही तसेच लावता येते.